एका न केलेल्या सहीची गोष्ट

डिचोली तालुक्यातील नार्वे गावच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे मांडवीपलीकडे दिवाडी बेट दिसते. श्रीसप्तकोटेश्वराचे मूळ स्थान त्या बेटावर होते, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात नौदलाच्या 'म्हादेई' व 'तारिणी' या शिडाच्या नौका बांधल्या गेल्या, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. 'म्हादेई'तून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. 'तारिणी'तून २०१७-१८ साली सहा महिला अधिकाऱ्यांनी, आणि २०२४-२५ साली दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच ती पुरी केली.

परिपाठाच्या वेळी ही नावे अभिमानाने सांगणारे आम्ही स्वतः एका परीक्षेत नापास झालो, ती हकिकत येथे सांगावयाची आहे.

पेडणे तालुक्यातील एका शाळेत मुख्याध्यापक असताना नववीची एक विद्यार्थिनी शिडाच्या नौकानयनाच्या शिबिराचा अर्ज घेऊन आमच्याकडे आली. तिचे आजोबा तेरेखोलच्या खाडीत शीड लावून होडी हाकीत. वडिलांची सही झाली होती. आमची तेवढी उरली होती. "पाण्याशी खेळ नको, दहावी जवळ आली," असे सांगून आम्ही अर्ज परत केला. खरे कारण दहावी नव्हते. आम्हांस पोहता येत नाही.

पुढे असे एक शिबिर पाहण्याचा योग आला. लहान मुलांची 'ऑप्टिमिस्ट' नाव जेमतेम पावणेआठ फुटांची. एक शीड, एक सुकाणू आणि एकटा नावाडी. प्रशिक्षकांनी लाइफ जॅकेटे तपासली आणि आरंभीच मुलांकडून नाव मुद्दाम उलटी करविली! उलटलेली नाव सोडून किनाऱ्याकडे पोहत सुटायचे नाही. तळातून बाहेर आलेल्या उभ्या फळीवर भार देऊन ती सरळ करायची, आत चढायचे, पाणी उपसायचे. मग वाऱ्याची ओळख. वाऱ्याच्या तोंडावर नाव सरळ जात नाही. डावीउजवीकडे तिरकी नेत नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. ज्या संकटाच्या भीतीने आम्ही सही नाकारली, त्याचाच हा पहिला धडा होता.

हे सारे आजोबांस अनुभवाने येतच होते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम त्याला पायऱ्या घालून देतो. एक पक्की झाल्याखेरीज दुसरी नाही. ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचा असा क्रम अनेक देशांत चालतो. आपल्याकडे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही या खेळाची राष्ट्रीय संघटना, एन.सी.सी.च्या नौदल विभागातही शीड हाताळावयास शिकवितात. भोपाळचा मोठा तलाव किंवा हैदराबादचा हुसेनसागर ज्यांना जवळ आहे, अशा आपल्या कुटुंबांना तर ही विद्या घराजवळच मिळू शकते.

ती विद्यार्थिनी गेल्या वर्षी भेटली. अर्जाची आठवण आम्हीच काढली. ती म्हणाली, "सर, आजोबा वारले, होडीही विकली. आता आमच्या घरात शीड कोणालाच बांधता येत नाही."

तेव्हापासून असा अर्ज आला की आम्ही तीनच गोष्टी विचारतो: प्रशिक्षकाचा दाखला आहे काय, प्रत्येकास लाइफ जॅकेट आहे काय, आणि मदतीची नाव पाण्यात तयार असते काय. उत्तरे मिळाली की सही करतो.