चालू धंदा सोडून नवीन लाईन? आधी माणदेशी एक्स्प्रेसचा हिशोब बघा

सांगलीच्या बॅचमध्ये एका ताईंनी विचारलं, "सर, मिरची-मसाल्याचं कांडप बरं चाललंय, पण पुढं वाढायला जागा दिसत नाही. लोणच्यात उतरू का?" मी त्यांना शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं एक नाव सांगितलं : ललिता बाबर.

गाव मोही, तालुका माण. दुष्काळी पट्टा. सुरुवात खो-खोपासून, मग धावणं. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत 2012, 2013, 2014 असा सलग तीन वेळा पहिला नंबर. आपल्या भाषेत सांगायचं तर दुकान जोरात, गिऱ्हाईक ठरलेलं. कुणीही म्हणालं असतं, आता कशाला हलायचं?

पण ललिताताई स्टीपलचेसकडे वळल्या. ही शर्यत 3000 मीटरची. वाटेत 28 अडथळे, शिवाय सात वेळा पाण्यावरची उडी. अडथळा धडकला तरी पडत नाही, पडतो तो माणूस. (माणची पोरगी पाण्याच्या शर्यतीत, हे मला अजून गमतीचं वाटतं.) आता नीट बघा, त्यांनी सगळं नव्यानं सुरू केलं नाही. दम होता तो मॅरेथॉनचाच. शिकायची होती ती उडी आणि वेग. जुनं भांडवल तेच, माल नवीन!

2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत 9 मिनिटं 35.37 सेकंद, राष्ट्रीय विक्रम आणि कांस्यपदक. एवढं झाल्यावरही जुनी लाईन लगेच बंद नाही केली. जानेवारी 2015 मध्ये त्या परत मुंबईत 42 किलोमीटर धावल्या, भारतीय महिलांत दुसऱ्या आल्या.

पुढचे आकडे वहीत लिहून घ्या. जून 2015, चीनमधलं वुहान, आशियाई सुवर्ण : 9:34.13. ऑगस्ट 2015, बीजिंगची जागतिक स्पर्धा : 9:27.86, आणि फायनलमध्ये आठवा नंबर. एप्रिल 2016, दिल्ली : 9:27.09. म्हणजे आठ महिने घाम गाळून सुधारणा किती? पाऊण सेकंद! आपल्यातले किती जण अशा वेळी "मार्केटच नाही हो" म्हणून शटर ओढतात? मीही एकदा ओढलंय, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर चारच महिन्यांत रिओ ऑलिंपिक. प्राथमिक फेरीत 9:19.76. एका झटक्यात सात सेकंद कमी. गटात नंबर मात्र चौथा, आणि थेट प्रवेश पहिल्या तिघींनाच. वेळ चांगली होती म्हणून त्या फायनलला गेल्या. 1984 मध्ये पी. टी. उषा, त्यानंतर 32 वर्षांनी ऑलिंपिकच्या वैयक्तिक ट्रॅक फायनलमध्ये भारतीय महिला पोचली ती ही.

15 ऑगस्टला फायनल झाली. पदक मिळालं नाही. वेळ 9:22.74, नंबर दहावा. दोन दिवसांपूर्वीच्या स्वतःच्या वेळेपेक्षा तीन सेकंद जास्त. सुवर्ण जिंकणारी बहारीनची रूथ जेबेट नऊ मिनिटांच्या आत आली होती. जगाच्या बाजारात आपण नक्की कुठं उभे आहोत, ते त्या दिवशी आकड्यात कळलं. मला विचाराल तर हा दहावा नंबर मुंबईच्या तिन्ही पहिल्या नंबरांपेक्षा मोठा. तिथंच थांबल्या असत्या तर तो दिसलाच नसता.

त्यांचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षं टिकला. 2023 मध्ये बुडापेस्टला पारुल चौधरीनं 9:15.31 वेळ देऊन तो मोडला.

हे सगळं ऐकून सांगलीच्या ताई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे कांडप चालू ठेवायचं, आणि पहिल्यांदा तीसच बरण्या घालायच्या." कैऱ्या बाजारात आल्या की घालणार आहेत. मसाला अर्थातच घरचा.