खताच्या पोत्यावरचे नाव वाचावे कसे?



मृगाचे दिवस जवळ आले की मानोऱ्याच्या बाजारात खताच्या दुकानांपुढे गर्दी होते. इंझोरी, कुपटा, शेंदुरजना, पोहरादेवी, सगळीकडून माणसे येतात. कुणी पोत्याचा रंग पाहून खत मागतो, कुणी शेजाऱ्याने नेले तेच मागतो, तर कुणी दुकानदार देईल ते गाडीत टाकतो. पोत्यावर छापलेले नाव वाचणारा मात्र विरळाच. ते काम शाळेतल्या पोरांचे, अशी आपली समजूत असते.

ही समजूत महाग पडते. त्या नावात खताची सगळी कुंडली असते. आत काय आहे, ते मातीत टिकेल की वाहून जाईल, कशात मिसळावे आणि कशात मिसळू नये, हे नावावरून बरेचसे कळते. काही वेळा तर एका अक्षराच्या फरकावर जीव अवलंबून असतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत असेल, तर विज्ञानाच्या पुस्तकात आयन, मूलके आणि संयुजा यांचे धडे आहेत. त्या धड्यांचा आणि आपल्या पोत्याचा संबंध काय, तो आज पाहू.

जुनी नावे आणि नवी नावे

आपल्या बाजारात रसायनांची नावे पूर्वीपासून आहेत. मोरचूद, हिराकस, सोरा, नवसागर, तुरटी, टाकणखार. मोराच्या रंगाचे ते मोरचूद, म्हणजे नाव रंगावरून पडले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारच्या सरोवरातून पूर्वी खार काढीत. त्या खारांची दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी नावे जुन्या नोंदींत आढळतात. पापडी म्हटले की डोळ्यांपुढे पापुद्रा येतो. ही नावे गोड आहेत, पण पदार्थ कशाचा बनला आहे ते त्यांतून कळत नाही.

युरोपातही हीच अडचण होती. सन 1787 मध्ये फ्रान्सच्या लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी नावे ठेवण्याची नवी रीत मांडली. पदार्थ ज्या घटकांचा बनला असेल, त्या घटकांवरूनच त्याचे नाव पडावे, ही ती रीत. आज जगभर तीच चालते, सुधारून वाढवलेली. 'आयन' हा शब्द इंग्लंडच्या मायकेल फॅरेडेने सन 1834 मध्ये रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'जाणारा'. पाण्यात वीज सोडली की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा कण, तो आयन.

देणारा आणि घेणारा

मिठाचा खडा पाण्यात टाका. तो दिसेनासा होतो, पण नाहीसा होत नाही. त्याचे दोन प्रकारचे कण सुटे होतात, सोडियमचा आणि क्लोरीनचा. सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला दिलेला असतो. देणाऱ्यावर धन विद्युतभार येतो, घेणाऱ्यावर ऋण. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, म्हणून मिठाचा खडा बांधून राहतो.

पिकाची मुळे पोत्यातले खत जसेच्या तसे खात नाहीत. ओलाव्यात विरघळून सुटे झालेले आयनच ती बहुतांशी शोषतात. म्हणून पेरलेले खत ओलीशिवाय कामाला येत नाही.

आता नाव ठेवण्याचे नियम पाहा. ते चारच आहेत.

पहिला नियम. नावात धन आयन आधी, ऋण आयन मागून. जसे आपले नाव आधी आणि आडनाव मागून.

दुसरा नियम. धन आयन बहुधा धातूचा असतो आणि तो आपले नाव बदलत नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक. आपल्या कामाचा एक धन आयन मात्र धातू नाही. तो नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा गट आहे, त्याचे नाव अमोनियम.

तिसरा नियम. ऋण आयन नावाचा शेवट बदलतो. एकटेच मूलद्रव्य असेल तर शेवटी 'आइड' लागते. क्लोरीनचे क्लोराइड, सल्फरचे सल्फाइड, फॉस्फरसचे फॉस्फाइड. त्याच्यासोबत ऑक्सिजन असेल तर शेवटी 'एट' येते. सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट, कार्बोनेट. ऑक्सिजन असूनही 'एट'पेक्षा एक कमी असेल तर 'आइट'. सल्फाइट, नायट्राइट. याला थोडे अपवाद आहेत. हायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिजन असूनही शेवट 'आइड' आहे.

चौथा नियम. देण्याघेण्याचा हिशेब बरोबर जुळला पाहिजे. कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन एकच घेतो. म्हणून एका कॅल्शियममागे दोन क्लोराइड येतात. नावात मात्र तो आकडा सहसा सांगत नाहीत, नुसते कॅल्शियम क्लोराइड म्हणतात, कारण आकडा संयुजेवरून काढता येतो. लोखंडासारखे धातू कधी दोन देतात, कधी तीन. तिथे नावातच सांगावे लागते. दोन देणारे ते फेरस, तीन देणारे ते फेरिक. नव्या पुस्तकांत याच गोष्टी धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहून दाखवतात.

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, रंग फिकट हिरवा. ते उघडे, ओलसर राहिले की तांबूस-पिवळे पडू लागते, कारण फेरसचे फेरिक होते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हेच होते. लोह जमिनीत असते, पण फेरिकच्या न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते आणि कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या असे दिसू लागते. अशा जमिनीत हिराकस नुसते मातीत टाकण्यापेक्षा शिफारशीप्रमाणे पानांवर फवारलेले लवकर लागू पडते.

पोते समोर ठेवून वाचा

आरोग्यपत्रिकेवर मराठी नावे असतात आणि पोत्यावर इंग्रजी. त्यांची जोडी आधी लावून घ्या. नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम, गंधक म्हणजे सल्फर, जस्त म्हणजे झिंक. सन 2015 पासून मिळणाऱ्या मृद आरोग्यपत्रिकेत बारा बाबी तपासलेल्या असतात, त्यांत गंधक, जस्त, लोह हेही आहेत. पत्रिकेत जे कमी, ते पोत्याच्या नावात शोधायचे.

डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट. 'डाय' म्हणजे दोन. दोन अमोनियम आणि त्यांच्याबरोबर फॉस्फेट. नत्र 18 टक्के, स्फुरद 46 टक्के. नावात सल्फेट कुठेच नाही, म्हणून त्यातून गंधक मिळणार नाही. सोयाबीनसारख्या तेलबियांना तर गंधक हवेच.

सिंगल सुपर फॉस्फेट हे व्यापारी नाव आहे. त्यात कॅल्शियमचे फॉस्फेट असतेच, शिवाय कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्समही असते. सन 1842 मध्ये इंग्लंडच्या जॉन लॉज याने सल्फ्युरिक आम्ल वापरून हे खत बनवण्याचे पेटंट घेतले, गंधक त्या आम्लातूनच येते. स्फुरद 16 टक्के, गंधक 11 टक्के. आता हिशेब करा. डीएपीच्या 50 किलोच्या एका पोत्यात 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद. सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांत 24 किलो स्फुरद आणि वर साडेसोळा किलो गंधक. राहिलेल्या नऊ किलो नत्रासाठी सुमारे 20 किलो युरिया, म्हणजे 45 किलोच्या पोत्याच्या निम्म्याहूनही कमी. डीएपी मिळाले नाही म्हणून पेरणी अडवून बसायचे कारण नाही.

म्युरेट ऑफ पोटॅश हे जुन्या रीतीचे नाव पोत्यावर तसेच राहून गेले आहे. नव्या रीतीने ते पोटॅशियम क्लोराइड. ज्या पिकाला क्लोराइड सोसत नाही, उदाहरणार्थ तंबाखू, त्याला पोटॅशियम सल्फेट देतात. पालाश दोन्हींत आहे, फरक आडनावात आहे.

झिंक सल्फेट घेताना पुढचा शब्दही वाचा. 'हेप्टाहायड्रेट' म्हणजे सात पाणी, त्यात जस्त 21 टक्के. 'मोनोहायड्रेट' म्हणजे एक पाणी, त्यात जस्त 33 टक्के. पहिल्याच्या 10 किलोंचे काम दुसऱ्याच्या साधारण साडेसहा किलोंत होते. भाव विचारताना ही गोष्ट विसरू नका.

युरिया मात्र या नियमांत बसत नाही. त्यात धन-ऋण अशी जोडी नाही. मातीत पडल्यावर काही दिवसांत त्याचे अमोनियम होते, मग जिवाणू त्याचे नायट्राइट आणि शेवटी नायट्रेट करतात. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. म्हणून धन भाराचे अमोनियम ती धरून ठेवते आणि ऋण भाराचे नायट्रेट पावसाच्या पाण्याबरोबर सोडून देते. कपाशीला युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या, असे आम्ही सांगतो ते यासाठीच.

जोड्या बदलतात तेव्हा

दोन क्षार एका पाण्यात आले की आयन जोडीदार बदलू शकतात. नवी जोडी विरघळणारी नसेल तर ती साका होऊन तळाशी बसते. झिंक सल्फेट आणि डीएपी एकत्र कालवले की झिंक फॉस्फेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणजे जस्तही गेले आणि स्फुरदही. ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेटबरोबर सल्फेट किंवा फॉस्फेट टाकले तर असाच साका होऊन तोट्या बुजतात.

हीच अदलाबदल कधी उपयोगाचीही ठरते. बोर्डो मिश्रणात एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. चुन्याबरोबर त्याचे कॉपर हायड्रॉक्साइड बनते आणि ते पानांवर चिकटून बुरशीला अटकाव करते. हे मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, तांबे लोखंडावर बसते. प्लॅस्टिकचे किंवा मातीचे भांडे घ्यावे. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात चोपण जमिनीला जिप्सम देतात, तेही याच तत्त्वावर. जिप्सममधले कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला हुसकून त्याची जागा घेते आणि माती पुन्हा भुसभुशीत होऊ लागते.

एका अक्षराची गोष्ट

आता सर्वांत महत्त्वाचे. माता-भगिनींनी हा भाग दोनदा वाचावा.

कॅल्शियम फॉस्फेट गुरांच्या खनिज मिश्रणात असते, त्याने जनावराची हाडे आणि दूध यांना बळ मिळते. झिंक फॉस्फाइड हे उंदीर मारण्याचे करड्या-काळ्या रंगाचे औषध आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइड म्हणजे धान्याला लावायच्या विषारी गोळ्या. 'फेट'ने पोसले जाते, 'फाइड'ने प्राण जातो. फॉस्फाइडला ओल किंवा पोटातले आम्ल लागले की फॉस्फीन नावाचा विषारी वायू सुटतो. माणसे झोपतात त्या खोलीत किंवा त्याला लागून असलेल्या कोठीत या गोळ्या कधीही ठेवू नयेत. धान्याला त्या लावायच्याच असतील तर ते जाणकार, प्रशिक्षित माणसाचे काम आहे.

अशी पुडी उघडून कागदात बांधू नका, मीठ-मसाल्याच्या फळीवर ठेवू नका, नावाची चिठ्ठी फाडू नका. दुर्दैवाने कुणाच्या पोटात गेलेच तर घरगुती उपाय करीत बसू नका. तडक दवाखाना गाठा आणि वेष्टन सोबत न्या. कोणते औषध, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. "उंदराचं औषध" एवढे उत्तर पुरत नाही, कारण उंदराची औषधे अनेक जातींची आहेत आणि प्रत्येकीचा उपचार निराळा.

नायट्रेट आणि नायट्राइट यांचेही असेच आहे. उकिरड्याचे आणि खताचे पाणी विहिरीत झिरपले की पाण्यात नायट्रेट वाढते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे आपले भारतीय मानक सांगते. तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते आणि बाळ निळे पडू लागते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते. म्हणून उकिरडा विहिरीपासून लांब ठेवावा आणि पाणी तपासून घ्यावे.

घरीच शाळा

येत्या रविवारी घरातली सारी पोती, डबे आणि पुड्या अंगणात मांडा. औषधाच्या पुड्यांना मोठ्यांनीच हात लावावा. शाळेतल्या लेकराला नावे मोठ्याने वाचू द्या. धन आयन कोणता, ऋण आयन कोणता, शेवट 'आइड' की 'एट', हे त्याने सांगावे आणि आजोबांनी त्याचे बाजारातले जुने नाव सांगावे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. लेकराचा धडा पाठ होईल आणि पुढच्या वेळी खत घेताना दुकानदाराला नेमके नाव घेऊन मागता येईल. ज्या पुडीवर नाव नाही, ती मात्र लेकरांच्या आणि गुरांच्या वाटेतून त्याच दिवशी दूर करा.