छायाचित्राची मूळ प्रत राखावी कशी?

डाळिंबाच्या बागेत फळांवर काळपट डाग दिसू लागले की, पूर्वी शेतकरी डागाळलेले फळ पिशवीत घालून तालुक्याच्या गावी नेत असे. आता तो जागेवरच मोबाईलने छायाचित्र काढतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. सांगोला किंवा मंगळवेढा तालुक्यातील बागेतून निघालेले छायाचित्र प्रथम जुळे सोलापुरात शिक्षणासाठी वा नोकरीसाठी राहणाऱ्या मुलाकडे जाते, आणि तेथून ते जाणकार तज्ज्ञाकडे पोहोचते, हा प्रकार आज नित्याचा झाला आहे. सोलापूरजवळ केगाव येथे २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि २०१६ साली सोलापूर डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा या जिल्ह्यात सल्ला देणाऱ्यांची उणीव नाही. उणीव राहते ती निराळ्याच ठिकाणी. तज्ज्ञाच्या हाती जे चित्र पडते त्यात डाग दिसतो, पण डागाची कड दिसत नाही. शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये मात्र तेच चित्र स्वच्छ असते. मग वाटेत त्याचे होते तरी काय?

छायाचित्र लहान का होते?

मोबाईलमधील छायाचित्र हे बारीक रंगीत बिंदूंचे बनलेले असते. सर्वसाधारण १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात लांबीच्या बाजूस ४००० व रुंदीच्या बाजूस ३००० बिंदू, म्हणजे एकूण १ कोटी २० लाख बिंदू असतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने चित्र पाठविले असता पाठविण्याचा वेळ व खर्च वाचावा म्हणून त्याची लांब बाजू साधारणतः १६०० बिंदूंपर्यंत कमी केली जाते. १६०० गुणिले १२०० म्हणजे १९ लाख २० हजार बिंदू. सहा बिंदूंपैकी पाच गेले, एक उरला.

याशिवाय उरलेल्या बिंदूंचीही दाबून घडी घातली जाते. १९९२ साली रूढ झालेल्या जेपीईजी पद्धतीत चित्राचे ८ गुणिले ८ बिंदूंचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातील ठळक रंगछटा ठेवतात आणि अतिसूक्ष्म फरक गाळून टाकतात. या पद्धतीच्या मुळाशी असलेले गणित बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केले. डोळ्यास सहसा न जाणवणारा भाग गाळावयाचा, हे या पद्धतीचे तत्त्व होय. घरगुती समारंभाच्या चित्रास त्याने बाध येत नाही. रोगाच्या चित्रास मात्र येतो. कारण रोगाची ओळख त्या सूक्ष्म भागातच दडलेली असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, चित्राच्या लांबीत ४० सेंटिमीटरची फांदी मावली आहे. मूळ चित्रात १ मिलिमीटरला १० बिंदू येतात, म्हणून ३ मिलिमीटरच्या डागाच्या रुंदीत ३० बिंदू पडतात. चित्र १६०० बिंदूंचे झाल्यावर त्याच डागाच्या वाट्यास केवळ १२ बिंदू येतात, आणि तेही जेमतेम दीड चौकोनात सामावतात. तेल्या रोगात पानावरील ठिपका पाणी मुरल्यासारखा तेलकट दिसतो, आणि फळावरील डागास पुढे इंग्रजी एल किंवा वाय अक्षराच्या आकाराच्या भेगा पडतात. हा रोग जिवाणूंमुळे होतो. डाळिंबावर बुरशीमुळे येणारे ठिपके दुरून जवळपास असेच दिसतात, परंतु त्यांवरील उपाय वेगळा आहे. अस्पष्ट चित्रावरून चुकीचे निदान झाले, तर फवारणीचा खर्च वाया जातो, आणि त्याहून मोलाचे असे चार-आठ दिवसही हातचे जातात. तेवढ्या अवधीत पावसाची झड लागली, तर रोग बागभर पसरतो.

दळलेल्या पिठाची पुन्हा ज्वारी होत नाही

काहींची अशी समजूत असते की, लहान झालेले चित्र बोटांनी मोठे केले किंवा एखाद्या साधनाने सुधारून घेतले म्हणजे काम भागेल. ही समजूत चुकीची आहे. जात्यातून निघालेल्या पिठाची पुन्हा ज्वारी करता येत नाही, त्याचप्रमाणे गाळलेले बिंदू परत आणता येत नाहीत. चित्र सुधारणारी साधने रिकाम्या जागी अंदाजाने बिंदू भरतात. चेहरा त्यामुळे कदाचित चांगला दिसेल, पण डागाची कड अंदाजाने भरलेली असेल, तर तज्ज्ञाची दिशाभूलच होईल.

आलेले चित्र थेट पुढे पाठविले, म्हणजे फॉरवर्ड केले, तर सहसा तीच प्रत पुढे जाते. परंतु ते गॅलरीतून निवडून पुन्हा नव्याने पाठविले, तर त्यावर पुन्हा दाब पडू शकतो. पडद्याचे चित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून पाठविणे सर्वांत वाईट. कारण त्यात पडद्यावर दिसले तेवढेच उरते. फेसबुकवर टाकलेल्या चित्राची लांब बाजू सामान्यतः २०४८ बिंदूंपर्यंत खाली येते, आणि इन्स्टाग्रामवर ती त्याहूनही कमी राहते. यास्तव समाजमाध्यम हे चित्र दाखविण्याचे ठिकाण समजावे, साठविण्याचे कोठार समजू नये.

मूळ प्रत कशी पाठवावी?

१. व्हॉट्सॲपमध्ये जोडणीच्या चिन्हावर बोट ठेवल्यावर गॅलरी न निवडता डॉक्युमेंट हा पर्याय निवडावा आणि त्यातून छायाचित्र पाठवावे. अशा रीतीने गेलेली प्रत जशीच्या तशी पोहोचते. २०२२ पासून या मार्गाने २ जीबीपर्यंतची फाईल पाठविता येते; छायाचित्र सहसा ३ ते ५ एमबीचेच असते.

२. ऑगस्ट २०२३ पासून गॅलरीतून पाठवितानाही एचडी हे चिन्ह मिळते. त्याने चित्र बरेच स्पष्ट जाते, तथापि ती मूळ प्रत नव्हे. वेळ थोडा असेल तेव्हा हा मधला मार्ग पत्करावा.

३. शेतात संपर्काची ओढाताण असेल, तर आधी साधे चित्र पाठवून तज्ज्ञास कल्पना द्यावी, आणि गावात आल्यावर मूळ प्रत डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

४. घेणाऱ्याने प्रत त्याच दिवशी उतरवून घ्यावी. पुढे ती मिळेलच असे नाही.

येथे एक दक्षता आवश्यक आहे. मूळ प्रतीत चित्र काढल्याची तारीख व वेळ आणि, मोबाईलमध्ये तशी सोय चालू असेल तर, स्थळाचीही नोंद असते. चित्र गॅलरीतून नेहमीप्रमाणे पाठविल्यास ही नोंद निघून जाते; डॉक्युमेंट म्हणून पाठविल्यास ती सोबत जाते. गारपीट वा अतिवृष्टीनंतरच्या नुकसानीच्या चित्रास या नोंदीमुळे वजन येते. ते पंचनाम्याची जागा घेऊ शकत नाही हे खरे, पण पंचनाम्याच्या वेळी बोलण्यास आधार देते. मात्र अनोळखी मंडळींच्या गटात घराचे वा शेताचे ठिकाण उघड करू नये. तेथे साधी प्रतच पाठवावी.

जतन कसे करावे?

मोबाईलची जागा भरली की पुष्कळजण कॅमेऱ्याच्या फोल्डरमधील चित्रे पुसतात, आणि व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये तीच चित्रे आहेत म्हणून निश्चिंत राहतात. ही चूक फार महागात पडते. कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये बियाणे असते आणि व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये भरड. येथे तर बियाणे टाकून भरड राखली जाते. जागा करावयाचीच असेल, तर आधी व्हॉट्सॲपचे फोल्डर साफ करावे.

गूगल फोटोजमध्ये साठवण करणाऱ्यांनी मूळ दर्जा हा पर्याय निवडला आहे काय, हे एकदा तपासावे. दुसऱ्या, जागा वाचविणाऱ्या पर्यायात चित्र दाबले जाते. १ जून २०२१ पासून तेथील अमर्याद मोफत साठवण बंद झाली असून १५ जीबीपर्यंतच जागा मोफत मिळते, आणि तीत ईमेलचाही वाटा असतो. ४ एमबीचे एक चित्र धरल्यास १ जीबीत सुमारे २५० चित्रे मावतात. एका बहारात दोनशे चित्रे काढली, तरी १ जीबी पुरते. मोबाईलला जोडता येणाऱ्या पेन ड्राइव्हवर दर बहाराचे फोल्डर करून, त्यास गट क्रमांक व महिना यांचे नाव द्यावे. म्हणजे पुढील वर्षी डाग दिसताच मागील वर्षीच्या चित्राशी तुलना करता येईल.

मूळ प्रतच चांगली हवी

मुळात चित्रच पुसट असेल, तर ते राखून उपयोग नाही. प्रथम भिंग स्वच्छ कापडाने पुसावे. झूम करू नये. हात व मोबाईल फळाजवळ न्यावा. सकाळच्या मऊ उजेडात, स्वतःची सावली न पाडता चित्र घ्यावे. तीन चित्रे अवश्य काढावीत: एक संपूर्ण झाडाचे, दुसरे फांदीचे, तिसरे डागाचे जवळून. पानाची खालची बाजूही घ्यावी, आणि आकार कळावा म्हणून डागाशेजारी एखादे नाणे धरावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गावबैठकीत हे दोन्ही मार्ग प्रत्यक्ष करून दाखवावेत. एकाच फळाचे चित्र एकदा गॅलरीतून व एकदा डॉक्युमेंट म्हणून दुसऱ्या मोबाईलवर पाठवावे, आणि दोन्ही बोटांनी मोठी करून शेजारी धरावीत. एकात डागाची भेग दिसेल, दुसऱ्यात केवळ काळा ठिपका राहील. एवढे पाहिल्यावर अधिक समजावून सांगण्याची गरज उरणार नाही.