जमिनीखालचे धन

घरात पैसा दोन वाटांनी येतो. ज्वारी विकली, दूध विकले, मजुरी मिळाली, की पैसा येतो. हा पैसा पुढच्या सालीही येईल. कारण शेत जागेवर आहे, म्हैस गोठ्यात आहे, आणि हातपाय धड आहेत. दुसरी वाट निराळी. अडीनडीला घरधनिणीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ सोनाराकडे जाते. त्या दिवशी हातात पुष्कळ पैसा दिसतो. पण माळ गेली ती गेली. पुढच्या पावसाळ्यात तिला नव्या पुतळ्या फुटत नाहीत.

जमिनीतून निघणारे लोखंड, कोळसा, तेल यांचे असेच आहे. खाण म्हणजे पीक नव्हे. तो मोडलेला दागिना आहे. दागिना मोडून कोणी विहीर बांधतो, कोणी जत्रा करतो. खाणीच्या पैशाचेही तसेच होते.

आमच्या प्रौढांच्या वर्गात हा विषय एका आजीबाईंनी काढला. त्यांची लेक गोव्यात दिली आहे. जावई खाणीच्या ट्रकवर होते. आजीबाई म्हणाल्या, “गुरुजी, खाण चालू होती तेव्हा लेकीच्या गावात धूळ अन् भांडणं. खाण बंद पडली तेव्हा उपासमार अन् पुन्हा भांडणंच. मग खाण असावी का नसावी?” आम्ही शाळेत तीस-पस्तीस वर्षे शिकवले, पण त्या दिवशी आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून हा धडा लिहायला घेतला.

गोव्यातले लोहखनिज बहुतेक डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या डोंगराळ भागात आहे. एक टन खनिज काढायचे तर त्याच्यावरची दोन-अडीच टन माती आणि दगड आधी काढून टाकावे लागतात. ती माती कुठे जाणार? खाणीच्या शेजारीच तिचा डोंगर रचतात. पावसाळा आला की त्या डोंगराची लाल माती ओढ्यात उतरते, आणि ओढ्यातून भातशेतीत. भाताच्या खाचरात असा चिखल साचला की चांगले शेत नापीक होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. खड्डा खोल गेला की विहिरीसारखेच त्यालाही पाणी लागते. ते पाणी पंपाने उपसून टाकल्याशिवाय पुढे खोदता येत नाही. पंप रात्रंदिवस चालतो. मग शेजारच्या गावातल्या विहिरींचे पाणी खाली खाली जाते. डिचोली तालुक्यातल्या शिरगावचे असेच गाऱ्हाणे होते. तिथे विहिरी आणि शेती या दोहोंचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला.

पण नुसते नुकसानच सांगितले तर ते अर्धे सत्य होईल. खाणीने हजारो घरांत चूलही पेटवली. खनिज ट्रकमधून नदीच्या धक्क्यावर जायचे, तिथून बार्जमधून मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात, आणि बंदरातून परदेशात. पूर्वी जपान मोठे गिऱ्हाईक होते. सन २००० नंतर चीनची मागणी फार वाढली. भाव चढले. हलके म्हणून टाकून दिलेले खनिजसुद्धा विकले जाऊ लागले. गावागावांतून लोकांनी बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले. कोणी गॅरेज घातले, कोणी चहाचे हॉटेल. २०१०-११ साली गोव्यातून सुमारे ५ कोटी टन खनिज बाहेर गेले. एवढेसे राज्य, आणि त्याच्या अरुंद रस्त्यांवरून ट्रकांच्या रांगाच रांगा!

आता आजीबाईंच्या जावयाच्या गावातले भांडण कळते. एका भावाचा ट्रक खाणीवर चालतो, दुसऱ्या भावाचे शेत खाणीच्या खाली आहे. थोरला म्हणतो, खाण पाहिजे. धाकटा म्हणतो, बंद करा. दोघेही खोटे बोलत नाहीत. एकाच्या डोक्यावर हप्ता आहे, दुसऱ्याच्या शेतात चिखल आहे. खनिजाचा मोठा नफा मात्र या दोघांच्याही घरात येत नाही. तो दूर कुठे जातो, आणि भांडत राहतात हे दोघे.

मग हे धन असते तरी कोणाचे? तुम्ही म्हणाल, ज्याचे शेत त्याचे. कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्रात १९६६ च्या जमीन महसूल कायद्याच्या ४८ व्या कलमात लिहिले आहे की, जमिनीतल्या खनिजावर हक्क सरकारचा. आता सरकार म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. सरकार म्हणजे तुम्ही-आम्ही सर्व जण, आणि मंत्री व साहेब हे आपले कारभारी. कारभाऱ्याने दागिना मोडला, तर किती भावाने मोडला आणि पैसे कुठे ठेवले, हे घरच्यांनी विचारायला नको का?

गोव्यात हे विचारणे फार उशिरा झाले. तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. त्यांनी खाणींचे परवाने दिले ते मुदतीचे नव्हते, कायमचे होते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तरी ते परवाने तसेच राहिले. १९८७ साली संसदेने कायदा करून ते रद्द केले आणि त्यांचे मुदतीचे पट्टे केले. या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ ला संपली. पण कागद संपला तरी खोदणे काही थांबले नाही. आणि भावाची तेजी होती तीही नेमकी त्याच वर्षांत.

या प्रकाराच्या चौकशीला केंद्र सरकारने न्यायमूर्ती शहा यांचा आयोग नेमला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याचा अहवाल संसदेपुढे आला. सरकारी तिजोरीचे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा अंदाज त्यात होता. या आकड्यावर पुढे पुष्कळ वाद झाला, तो आम्ही इथे उकरीत नाही. पण त्याच महिन्यात राज्य सरकारने खाणी बंद केल्या, आणि पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. एका झटक्यात ट्रक दारात उभे राहिले. टायर सुकू लागले, पण बँकेचा हप्ता थांबला नाही.

२१ एप्रिल २०१४ ला न्यायालयाने निकाल दिला. २००७ नंतरचे खोदणे बेकायदा ठरले. पुढे वर्षाला २ कोटी टनांच्या वर काढायचे नाही, असे ठरले. आणि खनिज विकून येणाऱ्या पैशाचा दहावा भाग एका कायम निधीत ठेवायचा, पुढच्या पिढ्यांसाठी, असेही सांगितले. सरकारने मग ८८ पट्ट्यांना घाईघाईने पुन्हा मुदत दिली. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने तीही रद्द केली. त्या मार्च महिन्यात पणजीत ट्रकवाल्यांनी आणि खाण-कामगारांनी मोठे आंदोलन केले, रस्ते अडवले. त्यांच्यावर रागावणे सोपे आहे. पण पट्टे देताना कोणी त्यांना विचारले नव्हते, आणि रद्द होताना पहिला फटका बसला तो त्यांनाच. २०२२ च्या अखेरीस खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. त्यातल्या काही खाणी त्यानंतर पुन्हा चालू झाल्या.

आता पाटी घ्या. एक हिशेब करू. समजा, खनिज १००० रुपये टनाने विकले. लोहखनिजावर सरकारची रॉयल्टी, म्हणजे स्वामित्वधन, शेकडा १५ आहे. म्हणजे १५० रुपये सरकारला. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाण-जिल्ह्यात खाणीची झळ पोचलेल्या लोकांसाठी एक निधी केला आहे. त्याला आपल्याकडे जिल्हा खनिज प्रतिष्ठान म्हणतात. जुना पट्टा असेल तर रॉयल्टीच्या शेकडा ३० इतकी रक्कम खाणवाल्याने त्यात वेगळी भरायची, लिलावातला असेल तर शेकडा १०. १५० चे शेकडा ३० म्हणजे ४५ रुपये. शेकडा १० म्हणजे १५ रुपये. हजार रुपयांच्या मालामागे झळ सोसणाऱ्या गावांच्या वाट्याला एवढे येते. कमी आहे म्हणाल, तर आहेच कमी. पण टन लाखांनी निघतात, म्हणून रक्कम मोठी होते. हा पैसा पिण्याचे पाणी, दवाखाना, शाळा अशा कामांना आधी लावायचा आहे. चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, यवतमाळकडच्या वाचकांनी हा हिशेब वहीत उतरून ठेवावा.

दागिना मोडूनही शहाणपणाने वागता येते काय? येते. त्यासाठी थोडे लांब जाऊ. युरोपात उत्तरेला नॉर्वे नावाचा थंडीचा देश आहे. वस्ती सुमारे ५५ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी. १९६९ साली तिथे समुद्राखाली तेलाचा मोठा साठा सापडला. तेल कंपन्यांच्या दर १०० रुपये नफ्यातले ७८ रुपये सरकार कर म्हणून घेते. १९९० साली कायदा करून त्यांनी या पैशाचा निधी केला. मूळ रक्कम मोडायची नाही, तिच्यावर साधारण जे उत्पन्न अपेक्षित असते तेवढेच खर्चायचे, असा रिवाज घातला. आधी शेकडा ४ धरीत, २०१७ पासून शेकडा ३ धरतात. मात्र एक गोष्ट सांगायला हवी. नॉर्वेचा कारभार तेल सापडण्याच्या आधीपासूनच चोख होता. तेलाने तो चोख झाला नाही.

आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात उलटे झाले. तिथे नायजर नदीच्या मुखाशी ओलोइबिरी गावात १९५६ साली तेल लागले. तेल फुटून शेते आणि खाड्या काळ्या झाल्या, मासळी गेली. तिथल्या ओगोनी लोकांनी शांततेने विरोध केला. त्यांचे पुढारी आणि लेखक केन सारो-विवा यांना तिथल्या लष्करी सरकारने १० नोव्हेंबर १९९५ ला आठ साथीदारांसह फाशी दिली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०११ साली सांगितले की ही जमीन आणि पाणी पुरते साफ व्हायला २५ ते ३० वर्षे लागतील.

एवढे धन, आणि एवढा जुलूम का? आपल्या गावावरून समजून घ्या. ग्रामपंचायत घरपट्टीवर चालत असेल, तर सरपंचाला दारोदार यावे लागते. लोक म्हणतात, “आधी नळाला पाणी सोडा, मग पट्टी मागा.” आता समजा, एखादा कंत्राटदार पंचायतीला हवा तेवढा पैसा परस्पर देऊ लागला. मग सरपंच तुमच्या दाराशी कशाला येईल? तो कंत्राटदाराच्या दाराशी जाईल. नुसत्या तेलावर चालणाऱ्या सरकारचे असेच होते. लोकांच्या कराची गरज नाही, म्हणून लोकांची भीडही नाही.

लोकांना विचारले तर काय होते, तेही पाहू. ओडिशात नियमगिरी डोंगरावर बॉक्साइट आहे. त्यापासून अॅल्युमिनियम होते. डोंगरावर डोंगरिया कोंध आदिवासी राहतात, आणि तो डोंगर त्यांचा देव आहे. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ग्रामसभांना विचारा. त्या पावसाळ्यात १२ गावांत ग्रामसभा भरल्या. जिल्हा न्यायाधीश समोर बसले होते. बाराही गावांनी ‘नको’ म्हटले, आणि तिथे खाण झाली नाही.

हे सगळे आम्ही आजीबाईंना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, “आमच्याकडे खाण येणार असली तर आधी कळतं तरी का?” हो, कळते. मोठ्या खाणीला परवानगी देण्यापूर्वी साधारणपणे जनसुनावणी घ्यावी लागते. काही खनिजांना यातून सूट दिली आहे, पण पुष्कळशा खाणींना ती घ्यावी लागते. तिची सूचना निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात छापतात. खाणीने पाणी, शेती, हवा यांवर काय परिणाम होईल, या अहवालाचा सारांश मराठीत करून ठेवावा लागतो. तो कोणालाही बघायला मागता येतो. सुनावणीला कोणीही उठून बोलू शकतो. शेवटी, कोण काय बोलले ते सभेपुढे मराठीत वाचून दाखवायचे, आणि मग त्या कागदावर सही व्हायची, असा नियम आहे.

आजीबाईंनी ३० हा आकडा पाटीवर लिहिला. तीन उलटा काढला होता, तो त्यांनी पुसून पुन्हा लिहिला.