चित्रापासून किती पावलांवर?

शाळेची सहल वस्तुसंग्रहालयात गेली की बहुधा काय होते? मुले रांगेने आत शिरतात, वहीत चित्रांची नावे उतरवून घेतात आणि अर्ध्या तासात रांगेनेच बाहेर पडतात. दृक्‌प्रत्ययवादी चित्रांच्या बाबतीत ही पद्धत अगदीच वाया जाते. ही चित्रे एका जागी उभे राहून पुरती दिसतच नाहीत. जवळून पाहावे तर नुसते रंगाचे फटकारे, मागे सरकावे तर पाणी, धुके, ऊन. कॅनव्हास तोच राहतो, बदलते ते डोळ्याचे काम. म्हणून या चित्रांवर कलाशिक्षकाइतकाच विज्ञानशिक्षकाचाही हक्क आहे, आणि सोलापूरच्या विज्ञानशिक्षकाचा तर थोडा जास्तच.

दृक्‌प्रत्ययवाद हे नाव टिंगलीतून आले. १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत सुमारे तीस चित्रकारांनी आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले. त्यात क्लोद मोने याचे बंदरावरील सूर्योदयाचे एक चित्र होते. त्याच्या नावात ‘इम्प्रेशन’, म्हणजे मनावर उमटलेला ठसा, हा शब्द होता. लुई लरुआ या टीकाकाराने त्याच शब्दावरून सर्वांची टर उडवली आणि तो शब्द या मंडळींना कायमचा चिकटला. पुढे १८८६ पर्यंत अशी एकूण आठ प्रदर्शने झाली.

या चित्रांमागचे विज्ञान मात्र त्याआधी अर्धशतक, लोकर रंगवण्याच्या कारखान्यात सुरू झाले होते. पॅरिसच्या गोब्लँ या सरकारी कारखान्यात भिंतीवर टांगायचे चित्रपट विणले जात. तेथील रंगाई विभागाचा प्रमुख म्हणून १८२४ मध्ये मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली. विणकरांची त्याच्याकडे तक्रार आली: काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत काळा धागा फिका दिसतो. शेव्रलने इतर नामांकित कारखान्यांतील काळ्या लोकरीशी आपली लोकर ताडून पाहिली. रंगात काही खोट नव्हती. दोष होता शेजाऱ्याचा. दोन रंग एकमेकांना खेटून असले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. निळ्याशेजारचा काळा म्हणूनच मळकट दिसतो. या ‘समकालिक विरोधा’वर शेव्रलने १८३९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि तो रसायनशास्त्रज्ञांपेक्षा चित्रकारांनीच अधिक मनावर घेतला.

सोलापूरच्या मुलांना ही गोष्ट परकी वाटू नये. ज्या घरात माग आहे, तेथे धाग्याच्या रंगावरून रंगाऱ्याशी हुज्जत नवी नसते. जॅकार्डवर विणलेली चादर वर्गात आणायला सांगा. तिच्या एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला रंगांची अदलाबदल करून उतरलेली असते. धागे तेच. आता मुलांना विचारा: जमिनीतला पिवळा आणि नक्षीतला पिवळा सारखाच दिसतो का? मग कागदाला दोन भोके पाडून फक्त ते दोन पिवळे पाहायला लावा. शेव्रल समजायला एवढे पुरे होते.

चादरीकडून दुसराही धडा मिळतो. भिंगातून पाहिले तर प्रत्येक धागा एकाच रंगाचा. दूर धरली की जवळजवळचे धागे मिसळून तिसराच रंग दिसतो. असे का? निरोगी डोळ्याला साधारणपणे एक मिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनापर्यंत दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. १ मि.मी. अंतरावरचे बिंदू सुमारे ३.४ मीटरवर या मर्यादेला पोचतात. अर्ध्या मिलिमीटरचा धागा पावणेदोन मीटरवर हरवतो. चित्रातला २ मि.मी.चा ठिपका हरवायला सुमारे ७ मीटर मागे जावे लागेल. हे त्रैराशिक दहावीच्या मुलाला सहज जमते.

याच हिशेबाने पुस्तकांतले एक लाडके विधान तपासता येते. दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार पिवळा आणि निळा शेजारी ठेवत आणि डोळ्यात हिरवा तयार होई, असे अनेक ठिकाणी छापलेले असते. मोनेचे फटकारे पुष्कळदा सेंटिमीटरभर रुंद असतात. ते पूर्ण मिसळायला ३४ मीटर अंतर हवे, आणि एवढे मोठे दालन कोणत्या संग्रहालयात असते? रंगातला फरक ओळखण्यात डोळा उजेड-अंधाराच्या फरकापेक्षा कच्चा असतो, त्यामुळे सारख्या उजळपणाचे रंग थोडे आधी मिसळतील. तरीही मोनेचे फटकारे दिसत राहतात, आणि ते दिसावेत हीच त्याची इच्छा असावी. शिवाय पिवळा आणि निळा डोळ्यात मिसळून हिरवा होत नाही, राखाडीकडे झुकतो. न्यूटनची तबकडी शाळेत असेलच. तिच्यावर अर्धा पिवळा, अर्धा निळा कागद चिकटवून फिरवा. हिरवा होतो तो रंगपेटीत, कारण तेथे प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेते. ठिपक्यांचा पद्धतशीर प्रयोग केला तो झॉर्झ सरा याने, १८८४ ते १८८६ या काळात रंगवलेल्या ग्रांद जात बेटावरील रविवारच्या चित्रात. ते आज शिकागोत आहे. आपल्याकडे ना. श्री. बेंद्रे (१९१०–१९९२) यांनी उत्तरायुष्यात ठिपक्यांची चित्रे काढली.

मोनेचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. सूर्योदयाच्या त्या चित्रातला नारिंगी सूर्य थरथरतो असे वाटते. त्याची चांगली रंगीत प्रत मोबाइलवर घेऊन कृष्णधवल करा: सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टोन यांनी याचे स्पष्टीकरण दिले आहे. सूर्य आणि भोवतालचे आकाश यांचा उजळपणा सारखाच आहे. मेंदूचा जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल ठरवतो, तो रंगाला जवळपास आंधळा असतो. त्याला हा सूर्य सापडतच नाही. रंग ओळखणाऱ्या भागाला मात्र तो लख्ख दिसतो. दोघांचे पटत नाही, म्हणून सूर्य जागेवर ठरत नाही.

सावल्यांचेही तसेच. मोनेच्या बर्फावरील सावल्या निळ्या आहेत. बर्फ सोलापुरात कुठला? पण चुन्याने रंगवलेली भिंत आहे आणि ऊन तर हवे तेवढे आहे. निरभ्र दुपारी भिंतीवरची सावली कागदाच्या नळीतून पाहा, मग शेजारची उन्हातली भिंत पाहा. सावलीत सूर्य नसतो, आकाश असते. तेथे पोचणारा प्रकाश निळसर असतो. ‘सावली काळी’ हे आपण पाहून कमी आणि ऐकून जास्त शिकलेलो असतो.

मोने आणि सरा यांची प्रसिद्ध मूळ चित्रे बहुतेक युरोप-अमेरिकेत आहेत. आपल्या मुलांच्या वाट्याला छापील प्रती येतात, आणि प्रतीत आकार व फटकाऱ्याची जाडी दोन्ही हरवतात. तरी सहल अडायचे कारण नाही. कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. १९३१ मध्ये निवर्तलेल्या या चित्रकाराने कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. तेथे जाताना नावे उतरवायची वही घरीच राहू द्या. प्रत्येक मुलाला एकच चित्र द्या आणि तीन नोंदी मागा: किती पावलांवर फटकारे दिसेनासे झाले, सावलीत कोणता रंग सापडला, आणि डोळे किलकिले केल्यावर चित्रातले काय आधी नाहीसे झाले. एका चित्राला दहा मिनिटे तरी द्यावीत. रखवालदाराला आधी सांगून ठेवलेले बरे, मुले सारखी पुढे-मागे करणार आहेत.