फ्लॅश : गुणदोषांचे एकच मूळ

चित्र, ध्वनी आणि गती यांना एका लहानशा फाइलीत बांधून ती कोणत्याही ब्राउझरमध्ये जशीच्या तशी उभी करण्याचे जे सामर्थ्य पूर्वी केवळ प्रोग्रॅमरांच्या अखत्यारीत होते, ते ‘फ्लॅश’ने चित्रकाराच्या स्वाधीन केले, हा त्या साधनाचा थोर उपकार होय. लेखणीने चालणाऱ्या संगणकांसाठी जोनाथन गे यांच्या फ्यूचरवेव्ह कंपनीने रेखाटनाचे एक साधन तयार केले होते. परंतु त्या संगणकांचा बाजारच उभा राहिला नाही, तेव्हा त्यातच हालत्या चित्रांची सोय करून १९९६ मध्ये ते ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ या नावाने विक्रीस आले, थोड्याच अवधीत मॅक्रोमीडियाकडे गेले व ‘फ्लॅश’ झाले. २००५ मध्ये मॅक्रोमीडियासह तेही अडोबीच्या ताब्यात आले.

त्याची रीत पाहण्यासारखी होती. टाइमलाइनच्या पहिल्या फ्रेममध्ये डावीकडे एक चेंडू काढावा, चोविसाव्या फ्रेममध्ये की-फ्रेम घालून तोच उजवीकडे सरकवावा, आणि मधल्या फ्रेम भरण्याचे काम ‘ट्वीन’वर सोपवावे, की सेकंदाला बारा फ्रेम या गतीने तो चेंडू दोन सेकंदांत पडदा ओलांडी. फाइलीत प्रत्येक ठिपक्याची नव्हे, तर रेषा व वक्र यांची गणिती नोंद राही, आणि लायब्ररीत एकदा ठेवलेला सिम्बॉल शंभर वेळा वापरला तरी वजन फारसे वाढत नसे. त्यामुळे टेलिफोनच्या तारेवरून रखडत येणाऱ्या इंटरनेटवरही व्यंगचित्रपट पाहणे शक्य झाले.

आपल्या लिपीची तर त्याने मोठीच सोय केली. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी संकेतस्थळांचे फाँट निरनिराळे असत, आणि तो विशिष्ट फाँट वाचकाच्या यंत्रात नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसे. फ्लॅशमध्ये मात्र ‘ब्रेक अपार्ट’ ही आज्ञा दिली की अक्षरांच्या आकृत्या होत, आणि जोडाक्षरे, वेलांट्या, रफार सारे जागच्या जागी राहून कोणत्याही यंत्रावर उमटे. पण ज्या क्षणी अक्षराची आकृती झाली, त्या क्षणी त्याचे अक्षरत्व संपले : शोधयंत्राला तो मजकूर सापडेना, त्याची नक्कल उतरवता येईना, आणि अंध वाचकाचे स्क्रीन-रीडर त्यापुढे मुके झाले. सारे काही आत बंदिस्त असणे हाच या साधनाचा गुण आणि हाच त्याचा दोष, असे माझे मत आहे.

त्या बंदिस्तपणाची किल्ली एकाच कंपनीकडे होती. ब्राउझरमध्ये फ्लॅशच्या फाइली चालवणाऱ्या प्लेअरमध्ये सुरक्षेच्या त्रुटी वारंवार निघत. आयफोनवर त्याला मज्जावच होता, आणि एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांनी खुले पत्र लिहून त्याची कारणे मांडली. पुढील वर्षी अडोबीने मोबाइलवरील ब्राउझरांसाठी प्लेअर विकसित करणे सोडले, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याची मुदत संपवली, आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर स्वतःच फाइली चालवण्यास नकार देऊ लागला. कर्त्याची संमती न घेता त्याची कृती एका हुकमाने निकामी व्हावी, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

एचटीएमएल५, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट यांचा आजचा मार्ग खुला आहे, मजकूर त्यात मजकूरच राहतो, आणि म्हणून संकेतस्थळाच्या मुख्य बांधणीसाठी मी निःसंशय त्याचीच शिफारस करीन. फ्लॅशचा अंमल संपला हे योग्यच झाले. तथापि रेखाटन, गती आणि फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्ट या आज्ञाभाषेच्या चार ओळी एकाच पडद्यावर जुळवणारा एकटा कलावंत पुन्हा प्रोग्रॅमरावर अवलंबून झाला, ही हानी लहान नव्हे. ‘ॲनिमेट’ या नव्या नावाने त्या साधनातून एचटीएमएल५ कॅनव्हाससाठी कृती काढता येते, पण ॲक्शनस्क्रिप्ट तिथे जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावी लागते.

जुन्या कृतींसाठी ‘रफल’ नावाचा मुक्त एम्युलेटर तयार झाला असून, इंटरनेट आर्काइव्हने त्याच्याच आधारे २०२० पासून त्या पुन्हा चालत्या केल्या आहेत. ज्यांच्या जुन्या सीडींमध्ये अशा फाइली पडून असतील, त्यांनी एसडब्ल्यूएफ ही तयार प्रत तर जपावीच, परंतु एफएलए ही मूळ फाइल त्याहून आधी उतरवून घ्यावी. कारण लेयर, सिम्बॉल आणि टाइमलाइन यांची मूळ मांडणी तिच्यातच असते.