पार्क मैदानावर रणजी परतते तेव्हा

सोलापुरात जानेवारी हा सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा महिना. होम मैदानावर गड्डा जत्रेचे पाळणे उभे राहतात, नंदीध्वजांचा सराव सुरू होतो आणि गावाची पावलं आपोआप किल्ल्याच्या बाजूला वळतात. २०२४ साली तिकडे वळायला आणखी एक निमित्त मिळालं. ५ जानेवारीला पार्क मैदानावर महाराष्ट्र आणि मणिपूर यांच्यातला रणजी करंडकाचा सामना सुरू झाला. सोलापूरकरांनी आपल्या गावात रणजी पाहिली ती जवळपास तीन दशकांनी.

या मैदानाचं कागदोपत्री नाव इंदिरा गांधी स्टेडियम. पण रिक्षावाल्याला ते सांगून उपयोग नाही, 'पार्क' एवढंच पुरतं. भुईकोट किल्ला जवळ, चार हुतात्म्यांचे पुतळे जवळ, आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ-पाणीपुरीसाठी झुंबड. शहराच्या इतक्या मध्यभागी प्रथम श्रेणीचं क्रिकेट होऊ शकेल असं मैदान आज फार थोड्या गावांत उरलं आहे. पुण्याचं गहुंजेचं स्टेडियम शहराबाहेर, द्रुतगती महामार्गाच्या कडेला आहे. तिथे जायचं तर दिवस काढावा लागतो. पार्कवर मात्र कामावर जाता जाता तासभर बसून येता येतं. चार दिवसांच्या सामन्याचा प्रेक्षक असाच घडतो. तो चारही दिवस बसत नाही, पण चारही दिवस येतो.

मग हा प्रेक्षक गेला कुठे होता?

नव्वदच्या दशकाने सोलापूरकडून बरंच काही नेलं. लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद झाली, तिच्या भोंग्यावर चालणारी वस्त्यांची घड्याळं थांबली. रणजीचे सामनेही त्याच दशकात इथून गेले. १९९५ साली सोलापुरात जन्मलेला मुलगा २८ वर्षांचा होईपर्यंत त्याने स्वतःच्या गावात एकही रणजी सामना पाहिला नव्हता. क्रिकेटची आवड मात्र कमी झाली नाही. ती आधी दूरचित्रवाणीवर आणि मग मोबाइलवर गेली. आयपीएलमध्ये कोणी मुंबईचा झाला, कोणी चेन्नईचा. गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धा चालूच राहिल्या, त्यांचं प्रक्षेपण यूट्यूबवर होऊ लागलं, धावफलक ॲपवर भरला जाऊ लागला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या या शहरात क्रिकेटवर वाद घालायला माणसं कधीच कमी पडली नाहीत. पण डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीवर एकत्र बोलणं थांबलं होतं. ज्याने एखादा झेल पाहिला आणि ज्याने तो पाहिला नाही, असे दोघं पार्कच्या फाटकाबाहेर भेटेनासे झाले.

मैदानाचं नशीब बदललं ते स्मार्ट सिटी योजनेमुळे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने पहिल्या वीस शहरांची यादी जाहीर केली, त्यात सोलापूर होतं. त्या योजनेतून स्टेडियमचं नूतनीकरण झालं. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदी जानेवारी २०२३ मध्ये रोहित पवार आले, आणि पुढच्याच वर्षी रणजी पुण्याबाहेर सोलापुरात आली. मैदान, खेळपट्टी आणि संघटनेची इच्छा या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळल्या. यातली एक जरी नसती, तरी गॅलरी रिकामीच राहिली असती.

महाराष्ट्र हा रणजीतला जुना संघ. १९३४-३५ साली सुरू झालेला हा करंडक प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोनदा जिंकला. त्यानंतर मात्र तो हाती आलेला नाही. २०१३-१४ मध्ये संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि हैदराबादेत कर्नाटकाकडून हरला. अशा संघाचा चाहता असणं सोपं नाही. सोलापुरात केदार जाधवच्या संघाने मणिपूरला डावाने हरवलं, तेव्हा हा विजय निदान शेजारी बसून साजरा करता आला.

महिनाभरात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, दुसरा पाहुणा आला: आदल्या हंगामाचा रणजी विजेता सौराष्ट्र. पुजारा आणि उनाडकट यांच्यासारख्या कसोटीपटूंचा संघ. हा सामना कमी धावांचा झाला आणि महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. प्रेक्षक घडवायला असे सामने जास्त उपयोगी पडतात. मणिपूरसमोरचा विजय अपेक्षितच होता. सौराष्ट्रासमोर प्रत्येक बळीबरोबर निकाल हलत होता, आणि अशा वेळी पहिल्यांदा आलेल्या शाळकरी मुलालाही कळतं की एका तासात फक्त वीस धावा झाल्या तरी बरंच काही घडलेलं असतं.

गर्दी आणि प्रेक्षक यांतला फरक वर्षभराने दिल्लीत दिसला. ३० जानेवारी २०२५ रोजी विराट कोहली बऱ्याच वर्षांनी रणजी खेळायला उतरला. अरुण जेटली स्टेडियमबाहेर पहाटेपासून रांगा, आत हजारो लोक. दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या हिमांशू सांगवानने त्याचा ६ धावांवर त्रिफळा उडवला आणि स्टँड भराभर रिकामे झाले. दिल्लीचा डाव अजून चालू होता. त्या लोकांना दोष देण्याचं कारण नाही; ते एका माणसासाठी आले होते. पण गावातला प्रेक्षक अशा एका दिवसावर उभा राहत नाही. त्याला पुढचा सामना कधी आहे हे माहीत असावं लागतं, आणि मैदानावर आपलं म्हणावं असं एखादं नाव लागतं.

सोलापूरकडे अशी नावं आहेत. अर्शिन कुलकर्णीचा जन्म सोलापुरातला, २००५ सालचा. २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये त्याने पुणेरी बाप्पा संघाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, त्यात १३ षटकार होते, आणि त्याच सामन्यात ४ बळी घेतले. २८ जानेवारी २०२४ रोजी, म्हणजे पार्कवरच्या दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत, त्याने दक्षिण आफ्रिकेत १९ वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध शतक ठोकलं. याच जिल्ह्यातली, माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी मैदानी खेळांत होती, क्रिकेट नंतर आलं. मे २०२२ मध्ये गहुंजेत महिलांच्या टी-२० चॅलेंजमध्ये तिने २५ चेंडूंत अर्धशतक केलं, त्याच वर्षी ती भारताकडून खेळली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक पूर्ण करून महिला टी-२० मधल्या सर्वांत वेगवान शतकाचा विक्रम केला.

या दोघांनी मोठं नाव कमावलं ते ब्लूमफाँटेन, पुणे, नागपूर अशा दूरच्या मैदानांवर. सोलापूरने ते पडद्यावर पाहिलं.

लीगचंही तसंच. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३ साली 'सोलापूर रॉयल्स' नावाचा संघ होता, पण लीगचे पहिले तीन हंगाम गहुंजेतच झाले. अर्शिनने ती ११७ धावांची खेळी केली तीही नाशिकच्या संघाकडून. गावाचं नाव जर्सीवर आणि गाव मात्र अडीचशे किलोमीटरवर, ही अडचण चाहत्यांच्या उत्साहाने सुटणारी नाही. ती वेळापत्रकानेच सुटू शकते.

खेळ गावातच राहिला तर काय होतं, याचा नमुना जिल्ह्यातच आहे. वेळापूरच्या मातीत खो-खो वाढला तो तिथल्या क्रीडा मंडळाच्या रोजच्या सरावामुळे. संध्याकाळी मैदानावर मुलं-मुली पळतात आणि कडेला गाव उभं राहतं. रामजी कश्यप इथलाच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताने नेपाळला ५४-३६ असं हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला, त्या संघात तो होता. वेळापूरला चाहते गोळा करावे लागले नाहीत, कारण खेळ तिथून कधी गेलाच नव्हता. आज पळणाऱ्या मुलाचे वडील कालचे खेळाडू असतात, आणि कडेला उभं राहून ते पंचाशी वाद घालतात तेव्हा नियम समजून घालतात.

पार्कला हे जमायचं तर वर्षाकाठी दोन रणजी सामन्यांवर भागणार नाही. महिलांचे, १९ आणि २३ वर्षांखालील मुलांचे राज्य सामने इथे नियमाने यावेत. त्यांची तारीख आठवडाभर आधी शाळा-कॉलेजांत आणि मोबाइलवरच्या गटांत पोहोचावी. उन्हाच्या गावात गॅलरीवर सावली, प्यायला पाणी, मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह आणि लांबूनही वाचता येईल असा धावफलक असावा. टेनिस बॉलच्या सामन्यांत गुण नोंदवणारी, मराठीत समालोचन करणारी तरुण पोरं शहरात तयारच आहेत. त्यांना रणजीच्या दिवशी मैदानात काम द्यावं. आणि महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पुढच्या एखाद्या हंगामात निदान दोन सामने पार्कवर व्हावेत, म्हणजे चौपाटीवर भेळ खाऊन आलेल्या माणसालाही सरळ गॅलरीत जाऊन बसता येईल.